राखीव खाटा

अकरा नंबरच्या खाटेवरची सलाइन सिस्टरांनी स्वतःच्या हातांनी काढली. सुईच्या जागेवर कापसाचा बोळा दाबून त्या उभ्या राहिल्या. खाटेवरच्या निवृत्त पोस्टमनने मान वर करून विचारलं,

"म्हणजे बरा झालो म्हणायचं का मी?"

"घरी जाऊन बरं व्हायचंय, काका."

"असं होय. फक्त पत्ता बदललाय म्हणा की."

सिस्टरांनी त्यांचा हात कोपरात दुमडून छातीवर ठेवला आणि त्या बारा नंबरकडे वळल्या. सकाळपासूनची ही नववी खाट होती.

पुरुषांच्या त्या वॉर्डात छत्तीस खाटा होत्या. आदल्या संध्याकाळी मोठ्या साहेबांनी, म्हणजे रुग्णालयाच्या अधीक्षकांनी, सगळ्या वॉर्डांच्या प्रमुख सिस्टरना केबिनमध्ये बोलावून एक कागद वाचून दाखवला होता. परवा दुपारपर्यंत या वॉर्डातल्या तीस खाटा रिकाम्या करून राखीव ठेवायच्या. कुणासाठी, ते कागदात लिहिलेलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. सरहद्द तिथून रस्त्याने चार तासांवर होती.

भांडण एका पठारावरून होतं. दोन्ही देशांच्या नकाशांत ते आपापल्या हद्दीत दाखवलेलं असे. तिथे झाड नव्हतं, विहीर नव्हती. मेंढपाळसुद्धा वर्षातून दोनच महिने तिकडे फिरकायचे. तीन आठवड्यांपूर्वी एका बाजूने तिथे लोखंडी खांब रोवले, दुसऱ्या बाजूने रातोरात ते उपटले, आणि आता दोन्हीकडची फौज पठाराच्या दोन कडांवर एकमेकांसमोर बसली होती. वॉर्डातल्या टीव्हीवर रोज संध्याकाळी चार माणसं एकमेकांचं न ऐकता बोलायची. सात नंबरचा न्हावी, ज्याला कमरेच्या हाडामुळे स्वतःला कूस बदलता येत नव्हती, तो पडल्या पडल्या चढाईचे हुकूम सोडायचा. काल घरी जायचं कळल्यावर तोही गप्प झाला.

सिस्टरांचा मुलगा त्या पठारावर होता. दहा दिवसांपासून त्याचा फोन लागत नव्हता. वॉर्डात हे फक्त झाडलोट करणाऱ्या मावशींना माहीत होतं, कारण औषधांच्या खोलीत जाऊन सिस्टर दर तासाला फोन कानाला लावतात, हे त्यांनीच पाहिलं होतं. त्यांनी विचारलं नाही. फक्त सिस्टर आत गेल्या की त्या दाराशी फरशी पुसत बसायच्या आणि कुणाला आत जाऊ द्यायच्या नाहीत.

संध्याकाळपर्यंत एकोणतीस खाटा मोकळ्या झाल्या. उरले सात. सहा राहणार होते, एकाला जायचं होतं.

सिस्टर आणि छोटे डॉक्टर टेबलाशी बसले. छोट्या डॉक्टरांना कॉलेजातून बाहेर पडून दोन वर्षं झाली होती; अजूनही सही करताना ते सिस्टरांकडे एकदा बघून घ्यायचे.

"चौदा नंबरला राहू द्या," ते म्हणाले. "ताप उतरून चार दिवस झालेत फक्त. शिरेतली इंजेक्शनं अजून पंधरा दिवस तरी चालू ठेवायला हवीत."

"मग कुणाला पाठवू? ऑक्सिजनवाल्याला?"

डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"गोळ्या लिहून द्या. डोस वाढवून द्या. ड्रेसिंग घराजवळच्या दवाखान्यात होईल."

"सिस्टर, तुम्हीच मला सांगितलं होतंत, हाडात शिरलेला जंतू गोळ्यांना भीक घालत नाही म्हणून."

"सांगितलं होतं," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी यादीचा कागद डॉक्टरांच्या बाजूला सरकवला आणि त्याचा दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला. "उद्या-परवा गाडी येईल. त्यातून कुणाचा तरी पोरगा उतरवतील. त्याला काय फरशीवर ठेवायचं?"

कुणाचा तरी म्हणताना त्यांचा आवाज जरासा घसरला. डॉक्टरांनी मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि सही केली.

चौदा नंबरला एक रंगारी होता. तिसऱ्या मजल्याची भिंत रंगवताना परांचीवरून खाली आला, पाय मोडला, जखम चिघळली, त्यात अंगात साखर. दीड महिना तो त्या खाटेवर होता आणि वॉर्डाच्या भिंतीला रोज नावं ठेवत होता. हा हिरवा ज्याने निवडला त्याला आधी ॲडमिट करा, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सिस्टर मलमपट्टी करायच्या तेव्हा तो कोपऱ्यातल्या पोपड्यांकडे बोट दाखवून बोलत राहायचा, म्हणजे पायाकडे बघावं लागू नये.

घरी जायचं म्हटल्यावर तो लगेच हसला.

"चला, सुटलो या हिरव्यातून."

त्याची बायको मात्र खाटेचा दांडा धरून उभी राहिली. शाळेत मुलांना डबे वाढण्याचं काम करून ती तशीच आली होती.

"परवा तर तुम्हीच म्हणालात, महिनाभर हलवायचं नाही म्हणून."

"परवाची गोष्ट वेगळी होती, बाई."

"यांचा पाय तोच आहे की."

"अगं, जाऊ दे ना," रंगारी म्हणाला. "तिकडे पोरं जीव द्यायला बसलीत आणि मी खाट अडवून बसू?"

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला कळतंय काय? ओल आत असते, वरून भिंत कोरडी दिसते, हे तुम्हीच सांगता ना जगाला?" ती सिस्टरांकडे वळली. "बाई, आमच्या एका खोलीत यांचं कसं करू मी? दिवसभर मी बाहेर. दोन आठवडे तरी राहू द्या. खाट नको, खाली टाका अंथरूण. पण इंजेक्शनं तरी चालू राहतील."

खाली अंथरूण टाकता आलं असतं. व्हरांड्यात जागा होती. नियमात बसलं नसतं, पण तीस वर्षांत सिस्टरांनी नियमात न बसणारी कितीतरी माणसं व्हरांड्यात बसवली होती. मात्र त्या वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर तीच खाट होती, आणि तिच्यावर दुसरंच कुणीतरी होतं.

"माझा मुलगा आहे तिकडे," त्या म्हणाल्या. "पठारावर."

का बोलल्या ते त्यांना स्वतःलाही समजलं नाही. रंगाऱ्याच्या बायकोचा हात दांड्यावरून खाली आला.

"आधी सांगायचं नाही का, बाई," ती म्हणाली आणि खाली वाकून कपाटातले नवऱ्याचे कपडे काढायला लागली. तिने पिशवी भरली, चपला कागदात गुंडाळल्या. नवऱ्याला वॉर्डबॉय मामांनी चाकाच्या खुर्चीत बसवल्यावर तिने खाटेवरची चादरसुद्धा काढली, चौघडी केली आणि पायथ्याशी ठेवली. सिस्टरांनी रुग्णालयाच्या कुबड्यांची जोडी त्यांना दिली आणि वहीत नोंद केली.

"बरे झालात की परत आणून द्या."

"आणतो की," रंगारी म्हणाला. "तेव्हा त्या कोपऱ्याचं पण बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीस खाटांवर ताणून बसवलेल्या पांढऱ्या चादरी होत्या. प्रत्येक खाटेशेजारी सलाइनचा स्टँड, खाली स्वच्छ भांडं. रक्ताच्या बाटल्या शीतपेटीत आल्या. गेटवर दोन नवे वॉचमन बसले. संध्याकाळी तालीम झाली: मामांनी स्ट्रेचरवर झोपायचं आणि बाकीच्यांनी त्यांना दारापासून खाटेपर्यंत किती मिनिटांत नेता येतं ते बघायचं. पहिल्या खेपेला मामांना हसू आवरेना. दुसऱ्या खेपेला कुणीच हसलं नाही.

मग काहीच झालं नाही. एक दिवस, तीन दिवस, सहा दिवस. गाडी आली नाही. एवढा मोठा वॉर्ड रिकामा असला की किती आवाज करतो, हे सिस्टरांना इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. टोकाच्या नळाचं थेंब थेंब पाणीही टेबलापर्यंत ऐकू यायचं. उरलेले सहा रुग्ण दबक्या आवाजात बोलायचे. सिस्टर रोज सकाळी तीसही चादरी उचलून पुन्हा घालायच्या, जरी त्यांवर कुणी झोपलेलं नसायचं. घालताना एखाद्या खाटेशी त्यांचा हात रेंगाळायचा, मग त्या स्वतःवरच चिडून भराभर पुढे जायच्या.

बाराव्या दिवशी दुपारी मावशी धावत आत आल्या आणि त्यांनी टीव्हीचा आवाज मोठा केला. दोन्ही देशांनी फौजा मागे घ्यायचं कबूल केलं होतं. पठाराचं काय ते पुढे बोलणी करून ठरणार होतं. निवेदिका पुन्हा पुन्हा सांगत होती की सगळं संकट एकही बळी न जाता टळलं. ऑक्सिजनवाल्या रुग्णाने दोन्ही हात जोडून छताकडे बघितलं. मामा चहा सांगायला पळाले. थोड्या वेळाने सिस्टरांच्या खिशातला फोन वाजला.

"आई, मी. ऐकू येतंय का?"

"येतंय."

"ठीक आहे मी. एकदम ठीक. तू जेवलीस का?"

सिस्टर जवळच्या खाटेवर बसल्या. रुग्णाच्या खाटेवर कधीही बसायचं नाही, हा नियम त्या प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगत. मावशींनी त्यांच्यापुढे चहा धरला तो त्यांना दिसला नाही.

दोन दिवसांत वॉर्ड पुन्हा भरायला लागला. पोस्टमनकाका आले, थोडे सुकलेले. न्हावी आला. चौदा नंबरवर तिसऱ्या दिवशी दुसराच कुणी आला, एक दमेकरी. सिस्टरांनी मावशींना म्हटलं, तुमच्या वाटेवर आहे ना रंगाऱ्याचं घर, येता जाता चौकशी करा. पण मावशी जाण्याआधीच रंगाऱ्याची बायको आली. दोन्ही कुबड्या तिने एकाच बगलेत धरल्या होत्या.

"परत केल्याची सही लागत असेल ना?" तिने दारातूनच विचारलं.

सिस्टर उठून तिच्याजवळ गेल्या. "कसे आहेत?"

"गेले ते. मागच्या आठवड्यात."

सिस्टरांनी कुबड्या हातात घेतल्या.

"पाच दिवस बरे होते," ती सांगू लागली, एखाद्या परक्या माणसाचं सांगावं तशा सरळ आवाजात. "मग थंडी वाजून ताप आला. सहाव्या दिवशी मी रिक्षा करून घेऊन आले होते. गेटवर म्हणाले, आतल्या खाटा राखीव आहेत, पुढच्या शहरात न्या. पुढच्या शहराच्या बस बंद होत्या. मग घरीच घेऊन गेले. नवव्या दिवशी संपलं."

"तुम्ही गेटवर आला होतात?" सिस्टर म्हणाल्या. "मला बोलवायचं. माझं नाव सांगायचं. मी इथेच होते, बाई. मी तर इथेच होते."

"आलं होतं मनात," ती म्हणाली. "पण म्हटलं, त्यांचा जीव आधीच टांगणीला लागलाय. त्यात आपलं काय लावायचं."

तिने सही केली. बायकांच्या वॉर्डातून कुणीतरी सिस्टरांना हाक मारत होतं. ती तोवर जिना उतरून गेली.

त्याच दुपारी मोठ्या साहेबांनी वर पाठवायचा अहवाल सह्यांसाठी केबिनमध्ये सिस्टरांपुढे ठेवला. त्यात एक ओळ होती: खाटा रिकाम्या करताना वा त्यानंतर कुठलाही रुग्ण दगावला नाही. सिस्टरांनी ती दोनदा वाचली.

"साहेब, एक दगावलाय."

साहेब चांगले गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "वाईट झालं," ते म्हणाले. "पण तो घरी गेला, सिस्टर. आपल्या कागदावर तो सुधारणा होऊन गेलाय."

"सुधारणा होऊन नाही गेला. मी पाठवलाय."

"आपण सगळ्यांनीच पाठवलं. हुकूम होता."

सिस्टरांनी अहवाल मिटून परत त्यांच्यापुढे ठेवला. सही केली नाही. वॉर्डात येऊन त्यांनी दाखल-रजेची वही काढली, चौदा नंबरची नोंद शोधली आणि रजेच्या तारखेपुढे लाल शाईने लिहिलं: नवव्या दिवशी घरी मृत्यू. खाली स्वतःचं नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली.

मुलगा पुढच्या आठवड्यात रजेवर आला. उन्हाने काळा पडला होता, गालफडं बसली होती, पण बाकी होता तसा होता. दोन दिवस नुसता झोपला. तिसऱ्या दिवशी जेवताना बोलायला लागला.

"काहीच झालं नाही गं तिथे. नुसतं बसायचं. समोरचा एक जण रोज सकाळी दात घासायला बाहेर यायचा. आम्ही दुर्बिणीतून बघायचो. एक दिवस आला नाही तर आमच्यातला एक जण म्हणतो, आजारी पडला की काय."

तो हसला. सिस्टरही हसल्या आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला, त्याने हाताने अडवलं तरी.

रविवारी सकाळी त्या बाहेर जायला निघाल्या. मुलाने पायात चप्पल घातली.

"कुठे? मी पण येतो."

"तू नको."

"का?"

त्यांना कारण सांगता येईना. तो सोबत निघालाच.

रंगाऱ्याचं घर एका लांबट गल्लीच्या मध्यावर होतं. एकच खोली, भिंती मात्र गुळगुळीत, फिकट निळ्या, कुठे एक डाग नाही. खोलीची निम्मी जागा एका लोखंडी खाटेने अडवली होती. खाटेवर गादी नव्हती. रंगाऱ्याची बायको तिच्या कडेने वाट काढत पुढे आली, तिने सिस्टरांना पाहिलं, मग त्यांच्या मागच्या उंच मुलाला.

"हाच का?"

"हो."

तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "धडधाकट आहे की," ती म्हणाली. "ये बाळा, बस." तिने दोघांना पाणी दिलं आणि स्वतः भिंतीला टेकून खाली बसली.

सिस्टरांनी वाटेत बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता तोंडात येईना. पाण्याचा पेला त्यांनी दोन्ही हातांत धरला होता.

"बाई, यादी मी केली होती," त्या म्हणाल्या. "हुकूम वरून आला, पण नावं मी निवडली. डॉक्टर यांना ठेवा म्हणत होते."

गल्लीतून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"डॉक्टर ठेवा म्हणत होते?"

"हो."

"आणि मग?"

"मी ऐकलं नाही. मला वाटलं, ती खाट..." त्यांनी मुलाकडे बघितलं नाही. "मला वाटलं, ती लागेल."

रंगाऱ्याच्या बायकोला हे माहीत नव्हतं. सरकारचा हुकूम, त्यापुढे कुणाचं काय चालणार, असं तिने इतके दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं असेल, स्वतःलाही सांगितलं असेल. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू निघून गेलं, आणि त्याच्या जागी काय आलं ते सिस्टरांना नीट बघवेना. मुलाने हातातला पेला खाली ठेवला. तो आईकडे बघत होता.

शेवटी ती उठली. पदराने तिने खाटेची कड पुसली, जी स्वच्छच होती. मग सिस्टरांकडे पाठ करून ती मुलाला म्हणाली,

"बाळा, एक काम करशील? ही खाट आमची नाही. यांना खालून उठता येत नव्हतं म्हणून गल्लीच्या टोकाच्या शिंपीणबाईंकडून आणली होती. तेव्हापासून इथेच पडलीय. मी एकटी कशी नेणार? आणि कुणाला सांगायचं म्हटलं तर..." तिने वाक्य सोडून दिलं.

"देतो की नेऊन," मुलगा म्हणाला आणि लगेच उठला. त्याने डोक्याची बाजू उचलली. ती पायथ्याशी जायला वळली, तर सिस्टर तिथे आधीच उभ्या होत्या, वाकलेल्या, दोन्ही हातांनी दांडा धरून. रंगाऱ्याची बायको थांबली. ती नको म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. भिंतीला अंग चोरून तिने वाट दिली.

खाट कडेवर तिरपी करून दारातून काढावी लागली. मुलगा उलट्या पावलांनी चालत होता, पुन्हा पुन्हा मागे बघत, मग आईकडे बघत. गल्लीतली माणसं बाजूला सरकत होती. कुणी ओट्यावरचा पाय आत घेतला, कुणी दारातली बादली उचलली. लोखंड हाताला लागत होतं.

"आई, थांबू का? हात बदल."

"नको. चल तू."

रंगाऱ्याची बायको मागून येत होती की दारातच थांबली होती, ते सिस्टरांना कळलं नाही. वळून बघायचं तर खाट खाली ठेवावी लागली असती.